विमानातले शब्द आणि आपल्या प्रबंधातली कार्यात्मक व्याख्या



पेट निघाली की पुढचा टप्पा असतो संशोधन आराखड्याचा. शीर्षक ठरतं, उद्दिष्टं लिहून होतात, गृहीतकंही मांडली जातात. मग समितीसमोर पहिला प्रश्न येतो : "शीर्षकातल्या या शब्दाची तुमची व्याख्या काय?" बरेच जण तिथे शब्दकोशातला अर्थ सांगतात. तो चुकीचा नसतो, पण त्याने काम भागत नाही. समितीला हे ऐकायचं असतं की, उद्या तुम्ही गावात गेलात तर समोरची गोष्ट त्या शब्दात बसते की नाही, हे कशावरून ठरवणार?

पहिल्या प्रकाराला संकल्पनात्मक व्याख्या म्हणतात, दुसऱ्याला कार्यात्मक व्याख्या. पुस्तकात दोन्ही पाठ होतात, पण हाताला लागत नाहीत. म्हणून आज आपण एका वेगळ्याच क्षेत्रातून हा मुद्दा समजून घेऊ, तो म्हणजे विमान वाहतूक. नवीन केबिन क्रूला प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच जे शब्द घोटून घ्यावे लागतात, त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कार्यात्मक व्याख्येचा नमुना आहे. तिथे शब्द ढिला राहिला तर माणसं मरू शकतात, म्हणून तो घट्ट बांधलेला असतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. औंढा असो, वसमत असो की सेनगाव, विमान म्हटलं की आपल्याला शेजारचं नांदेड आठवतं. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतली पहिली उड्डाणं सुरू झाली, त्यात नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. आपण उदाहरणासाठी नांदेडच धरू. तुमच्या घरातलं कुणी केबिन क्रूच्या मुलाखतीची तयारी करत असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या, शब्द उपयोगी पडतील.

१. एन-डी-सी : कोड कसा बांधतात आणि कसा तपासतात

प्रत्येक विमानतळाला दोन कोड असतात. तीन अक्षरी कोड तिकिटावर आणि बॅगेच्या पट्टीवर दिसतो. नांदेडचा एन-डी-सी, मुंबईचा बी-ओ-एम, पुण्याचा पी-एन-क्यू, छत्रपती संभाजीनगरचा आय-एक्स-यू. दुसरा चार अक्षरी, तो वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात. मुंबईचा व्ही-ए-बी-बी, नागपूरचा व्ही-ए-एन-पी, हैदराबादचा व्ही-ओ-एच-एस.

फरक बघा. तीन अक्षरी कोडवरून विमानतळ कोणत्या भागात आहे हे कळेलच असं नाही. चार अक्षरी कोडला मात्र रचना आहे. पहिलं 'व्ही' दक्षिण आशियाच्या पट्ट्याचं, पुढचं 'ए' भारताच्या पश्चिम भागाचं, 'ओ' दक्षिणेचं. तुम्ही मुलाखतींना कोड देता तेव्हा 'मु-१, मु-२' असे नुसते क्रमांक द्यायचे, की तालुका, लिंग आणि वयोगट कळेल असा कोड बांधायचा, हा तोच प्रश्न आहे. शंभर मुलाखती झाल्यावर दुसऱ्या पद्धतीचं महत्त्व कळतं.

आता हा कोड रेडिओवर उच्चारायचा कसा? 'डी', 'सी', 'बी', 'टी' ही अक्षरं खरखरीत सारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरला आहे. एन-डी-सी म्हणजे नोव्हेंबर-डेल्टा-चार्ली. केबिन क्रूला ही वर्णमाला पाठ असावीच लागते.

हे शब्द कुणाला सुचले म्हणून ठेवलेले नाहीत. माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ ज्याँ-पॉल व्हिने यांनी त्यावर काम केलं आणि १९५१ मध्ये एक यादी लागू झाली. त्या यादीप्रमाणे एन-डी-सी म्हणजे नेक्टर-डेल्टा-कोका झालं असतं! प्रत्यक्ष वापरात काही शब्द नीट ऐकू येत नाहीत, अशा तक्रारी आल्या. मग ३१ देशांच्या भाषकांवर चाचण्या झाल्या आणि सी, एम, एन, यू, एक्स या पाच अक्षरांचे शब्द बदलले. आजची यादी १ मार्च १९५६ पासून लागू आहे.

संशोधनाच्या भाषेत याला पूर्वचाचणी आणि साधनाची सुधारणा म्हणतात. तुमची प्रश्नावली तुम्हाला स्पष्ट वाटते, पण ती ऐकणारा माणूस वेगळा असतो. 'कौटुंबिक उत्पन्न' म्हटल्यावर कुणी पगार सांगेल, कुणी हळदीची पट्टी सांगेल, कुणी खर्च वजा करून सांगेल. दहा-पंधरा जणांवर प्रश्न आधी तपासा आणि जिथे अडखळतात तो शब्द बदला. त्यात कमीपणा नाही.

२. विमान किती वाजता 'निघालं'?

समजा, वेळापत्रकात सुटण्याची वेळ १०.०० आहे. केबिन क्रू ९.०० वाजता हजर झाली. १०.१० ला चाकांखालचे ठोकळे काढले आणि विमान जागेवरून हललं. या ठोकळ्यांना चॉक म्हणतात. १०.२५ ला चाकं धावपट्टीवरून उचलली गेली. ११.१५ ला विमान टेकलं आणि ११.२५ ला जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लागले.

आता सांगा, उड्डाण किती वेळाचं झालं?

चाकं हवेत होती तो वेळ ५० मिनिटं. ठोकळा काढल्यापासून ठोकळा लागेपर्यंतचा वेळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तो १ तास १५ मिनिटं. क्रूचा कामावरचा उड्डाण-कालावधी हजेरीपासून धरतात, म्हणून तो २ तास २५ मिनिटं. एकाच प्रवासाची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर. इंजिनाची झीज बघायची असेल तर एक उपयोगी, वेळापत्रक लावायला दुसरं आणि क्रूचा थकवा मोजायला तिसरं. नियमांच्या भाषेत 'उड्डाणाचा वेळ' म्हणजे ब्लॉक टाइम, हवेतला वेळ नव्हे, हेही लक्षात ठेवा. मुलाखतीत हमखास गोंधळ होतो.

आणि उशीर? प्रवासी म्हणेल, "पंचवीस मिनिटं उशिरा उडालं." कंपनी म्हणेल, "वेळेवर सुटलं." कारण या क्षेत्रात ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत जागेवरून हललेलं विमान वेळेवर सुटलं असं धरतात. इथे १० मिनिटंच झाली. खोटं कुणीच बोलत नाही. दोघांनी घड्याळ वेगवेगळ्या क्षणी पाहिलं आहे.

म्हणून कार्यात्मक व्याख्येत दोन गोष्टी पाहिजेतच : मोजणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. 'विद्यार्थ्याचा अभ्यासाचा वेळ' हा तुमचा चल असेल तर क्लासला जायचा-यायचा वेळ त्यात धरायचा का? मोबाइलवर व्हिडिओ बघितला तो धरायचा का? हे आधी ठरलं नसेल तर प्रत्येक विद्यार्थी आपापल्या घड्याळाने उत्तर देईल आणि तुम्ही त्याची सरासरी काढत बसाल.

आणखी एक जोडी सांगून ठेवतो. 'नॉन-स्टॉप' म्हणजे मध्ये कुठेच न थांबणारं. 'डायरेक्ट' म्हणजे साधारणपणे उड्डाण क्रमांक तोच राहतो, पण विमान मध्ये थांबू शकतं. बेंगळुरूहून निघून नांदेडला उतरून पुढे उत्तरेकडे गेलेलं विमान डायरेक्ट असेल, नॉन-स्टॉप नसेल.

३. भागाकारात खाली काय आहे?

विमानात केबिन क्रू किती हवी, याचा साधा हिशोब असा : ५० आसनांपर्यंत किमान एक, त्यापुढे दर ५० आसनांना किंवा त्याच्या भागाला आणखी एक. म्हणजे ५० आसनी विमानात एक, ७२ आसनी एटीआरमध्ये दोन, १८० आसनी विमानात चार.

इथे शब्द 'आसनं' आहे, 'प्रवासी' नाही. ७२ आसनी विमानात त्या दिवशी वीसच प्रवासी असले तरी क्रू आसनांवरूनच ठरते. कारण दारं, बाहेर पडायच्या वाटा आणि विमानाची लांबी प्रवाशांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही.

दुसरा शब्द लोड फॅक्टर. आसनं किती भरली याची टक्केवारी, असा सोपा अर्थ सगळे सांगतात. पण मोजताना अंतरही धरतात. ७२ आसनी विमान २०० किलोमीटरच्या टप्प्यावर पूर्ण भरलं आणि ८०० किलोमीटरच्या टप्प्यावर निम्मं भरलं, तर साधी सरासरी येते ७५ टक्के. पण प्रवासी गुणिले किलोमीटर केलं तर १४,४०० अधिक २८,८००, म्हणजे ४३,२०० होतात. एकूण आसन-किलोमीटर ७२,०००. लोड फॅक्टर आला ६० टक्के.

टक्केवाऱ्यांची थेट सरासरी काढणं ही प्रबंधात नेहमी दिसणारी चूक आहे. एका गावात २० जणांपैकी १० आणि दुसऱ्यात २०० पैकी ४० असतील तर उत्तर ३५ टक्के येत नाही. २२० पैकी ५० म्हणजे सुमारे २३ टक्के येतं. टक्केवारी लिहिताना खालचा आकडा नेहमी सोबत द्या.

४. 'आर्म' आणि 'क्रॉसचेक'

दारं बंद झाली की केबिनमध्ये सूचना ऐकू येते. त्यात दोन शब्द असतात. दार 'आर्म' करणं म्हणजे घसरगुंडी दाराशी अशी जोडणं की आता दार उघडलं तर ती आपोआप फुगेल. पोहोचल्यावर दार 'डिसआर्म' करतात. ते राहिलं आणि कुणी आतून दार उघडलं तर घसरगुंडी विमानतळावरच फुगते आणि खाली उभ्या माणसाला इजा होऊ शकते.

'क्रॉसचेक' म्हणजे माझं दार मी केलं, आता समोरच्या दाराची स्थिती मी बघते आणि माझ्या दाराची समोरची बघते. ज्याने काम केलं त्याला आपली चूक दिसत नाही, हे इथे गृहीतच धरलेलं आहे.

संशोधनात याला दोन निरीक्षकांमधली विश्वसनीयता म्हणतात. तुम्ही वर्गनिरीक्षण करून 'शिक्षकाने प्रोत्साहन दिलं' अशी नोंद करणार असाल, तर तोच तास दुसऱ्या कुणाला तुमच्या व्याख्येवरून नोंदवायला सांगा. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर तो माणूस मंद आहे असं समजू नका. व्याख्या ढिली आहे. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक अशा जुळणीसाठीच वापरतात. योगायोगाने जुळलेल्या नोंदींचा वाटा तो बाजूला काढतो.

५. नव्वद सेकंद : चाचणीतले आणि खरे

४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला मान्यता मिळण्याआधी निर्मात्याला हे सिद्ध करावं लागतं की पूर्ण भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं, तेही निम्म्याच दारांतून आणि अंधारात. २००६ मध्ये एअरबस ए-३८० च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली होती.

आता २ जानेवारी २०२४ ची घटना घ्या. टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ जण होते. घोषणा यंत्रणा बंद पडली होती. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती. क्रूने भोंग्यावर आणि ओरडून सूचना दिल्या, कोणतं दार उघडायचं आणि कोणतं नाही हे बाहेरची आग बघून ठरवलं, आणि सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. शेवटचा माणूस बाहेर यायला सुमारे १८ मिनिटं लागली.

मग ९० सेकंदांची चाचणी खोटी होती का? नाही. ती एका प्रश्नाचं उत्तर देते : ठरलेल्या परिस्थितीत या विमानाची रचना पुरेशी आहे का? प्रत्यक्ष अपघातात किती वेळ लागेल, हा वेगळा प्रश्न आहे. नियंत्रित प्रयोगातला निष्कर्ष जसाच्या तसा क्षेत्रावर लावता येत नाही, याला बाह्य सप्रमाणतेची मर्यादा म्हणतात. तुमच्या प्रबंधात 'व्याप्ती आणि मर्यादा' हे प्रकरण याचसाठी असतं. 'वेळ कमी होता' एवढं लिहून ते भरू नका. तुमचा निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत लागू आहे आणि कुठे नाही, ते लिहा.

६. ज्याला दिसलं, त्याला विचारलं का?

'स्टेराइल कॉकपिट' हा शब्द क्रूला लवकर शिकवतात. उड्डाण आणि उतरण्याच्या काळात, साधारण १०,००० फुटांच्या खाली, वैमानिकांशी कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ झालेल्या अपघातात वैमानिकांचं लक्ष अवांतर गप्पांत होतं, असं तपासात दिसलं. १९८१ मध्ये हा नियम आला.

नियम चांगला आहे, पण याच क्षेत्रात उलट बाजूचा धडाही मिळाला. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या विमानाचं डावं इंजिन बिघडलं. वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं आणि तशी घोषणाही केली. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आणि क्रूपैकीही काहींनी डाव्या बाजूला आगीच्या खुणा पाहिल्या होत्या. पण ती गोष्ट पुढे पोहोचली नाही. केगवर्थ गावाजवळ विमान कोसळलं. १२६ पैकी ४७ जण गेले.

प्रशिक्षणात म्हणूनच 'अवांतर' आणि 'सुरक्षेसंबंधी' यांतला फरक पुन्हा पुन्हा शिकवतात. आग, धूर, विचित्र आवाज दिसला-ऐकला तर नियमाची भीती न बाळगता कळवायचं.

आपल्या कामात हे रोज घडतं. तुम्ही वसमतला एखाद्या शेतकरी बाईला 'हो किंवा नाही' विचारता. ती म्हणते, "हो, पण तसं नाही बाबा..." आणि तुम्ही 'हो'वर खूण करून पुढच्या प्रश्नावर जाता. तिला दिसत होतं ते तुमच्या रकान्यात बसलं नाही, म्हणून गेलं. प्रश्नावलीच्या शेवटी कोरी जागा ठेवा आणि अशी वाक्यं तिथे जशीच्या तशी लिहा. पुढे कोणता रकाना चुकीचा होता हे त्यावरूनच कळतं.

७. सगळ्यात कठीण शब्द : 'मृत'

इथेसुद्धा व्याख्या लागते? लागते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूंत मोजतात. 'अपघात' हा काळही बांधलेला आहे : उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत. प्रवासात एखाद्याला नैसर्गिक कारणाने मृत्यू आला तर तो विमान अपघात ठरत नाही. काय धरायचं आणि काय वगळायचं, दोन्ही लिहिलेलं आहे.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोझिकोडच्या धावपट्टीवरून पुढे घसरून खाली कोसळलं. विमानात १९० जण होते. आपल्या महाराष्ट्रातले कॅप्टन दीपक साठे त्यात गेले. सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा आकडा १८ च्या आसपास होता. अंतिम अहवालात तो २१ आहे : १९ प्रवासी आणि दोन वैमानिक. उपचार चालू असताना गेलेले नंतर मोजले गेले. तुम्ही बातमीचा आकडा उद्धृत केलात तर कुणाचा तरी मृत्यू तुमच्या तक्त्यातून गळतो.

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात सगळ्यांना आठवतो. विमानातल्या २४२ पैकी २४१ गेले, जमिनीवरचे १९ गेले, एकूण २६०. 'किती प्रवासी गेले', 'विमानातले किती गेले' आणि 'अपघातात किती गेले' या तीन प्रश्नांची तीन उत्तरं आहेत. दहा केबिन क्रू आणि दोन वैमानिक पहिल्या उत्तरात येत नाहीत. जमिनीवरची माणसं पहिल्या दोन उत्तरांत येत नाहीत.

८. आता तुमचा शब्द घ्या

आपल्याकडचा एक विषय घेऊ : 'ऊसतोड स्थलांतरामुळे शाळाबाह्य होणारी मुलं'. मूल कळमनुरी तालुक्यातल्या शाळेच्या पटावर आहे. दिवाळीनंतर ते आईवडिलांबरोबर कारखान्याच्या कोपीवर गेलं. पटावर नाव चालू आहे. ते शाळाबाह्य आहे का?

व्याख्या 'पटावर नाव नसलेलं मूल' अशी केली, तर हे मूल तुमच्या अभ्यासात नाहीच. तुमचा निष्कर्ष येईल, 'समस्या नगण्य आहे.' तो अहवालात जाईल, आणि त्याच्या आधाराने उद्या हंगामी वसतिगृह नको असं कुणी म्हणू शकेल. व्याख्या करताना तुम्ही हे ठरवत असता.

म्हणून आराखडा देण्याआधी शीर्षकातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला हे पाच प्रश्न विचारा :

१. मोजणं कोणत्या क्षणी सुरू होतं, कोणत्या क्षणी संपतं?
२. काय धरायचं, काय वगळायचं? वगळलेलं कुठे लिहिलं आहे?
३. टक्केवारी असेल तर खालचा आकडा कशाचा? आसनांचा की प्रवाशांचा?
४. माझी व्याख्या वाचून दुसरा माणूस तीच नोंद करेल का?
५. या व्याख्येमुळे कोण मोजण्यातून बाहेर राहतं?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'कुणीच नाही' असं आलं तर पुन्हा विचार करा. कुणीतरी राहतंच. ते कोण, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे आणि मर्यादेत लिहिलेलं असलं पाहिजे.

तुमच्या शीर्षकातला एक शब्द आणि त्याची तीन ओळींची कार्यात्मक व्याख्या आजच वहीत लिहा, आणि विषय माहीत नसलेल्या मित्राला वाचायला द्या. त्याने "म्हणजे?" असं जिथे विचारलं, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.